भाचीचा जबडा आणि तुमचे दात

बाबा,

ताईच्या पोरीचे पुढचे दात आता पूर्ण आले आहेत, आणि ते तुमचे आहेत. तसेच रुंद, फावड्यासारखे. जबडा मात्र आमच्या आईचा, लहान. त्यामुळे दात एकमेकांवर चढलेत. मी समता कॉलनीत दातांच्या दवाखान्यात काम करतो, प्लास्टरचे साचे ओततो आणि मोजतो, हे तुम्हाला माहीत नाही. माझी शाळा सुटली ती तुम्ही गेल्यानंतर.

मोजायचं असं की, वरच्या पुढच्या चार दातांच्या रुंदीची बेरीज करायची आणि तिच्यावरून, लहान दाढांपाशी जबड्याची कमान किती रुंद हवी ते काढायचं. पोरीची बेरीज आली चौतीस मिलिमीटर. हिशोबाने कमान साडेबेचाळीस हवी, आहे सदतीस. आता टाळूला स्क्रू लावून जबडा रुंद करायचा, की दोन्हीकडची एकेक लहान दाढ काढून जागा करायची? डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "भैया, फॉर्मूला तो बस अंदाज है. दाँत किसी के, जबड़ा किसी का, वो बेचारा क्या बताएगा? घर में पूछ लो." घरात ताई म्हणते, "तू दिवसभर दातच मोजून राहिला. तुले नाही समजत, तं मले काय समजन?"

मला वाटलं, साच्यातच चूक असेल. म्हणून पोरीच्या तोंडात ठसा घ्यायचा तो गुलाबी लगदा पुन्हा भरायला लावला. तिला उमासे आले, डोळ्यांत पाणी आलं. माप तेच निघालं.

गुढियारीच्या घरातला तो रविवार आठवतो. स्वयंपाकघरात फळी बसवायची आहे. मी लाकूड मोजतो, पुन्हा मोजतो, करवत नुसती धरून बसतो. तुम्ही पेरू दातांनी तोडत ओरडता, "अबे, लाकूड का वाढून राहिलं? काप ना आता!" आई तोंडाला पदर लावून हसते. पण बाबा, हा जबडा खरंच वाढून राहिला आहे. पुढच्या वर्षी काय माप येईल, कोणाला ठाऊक?

काल पोरीने विचारलं, "मामा, नाप तो दो बार आ गया, फिर डर क्यों रहे हो?"

"तुझा जबडा अजून वाढेल ना, म्हणून."

"कितना?"



उद्या ताई दवाखान्यात येईल. दाढा काढू नका, आधी रुंद करून बघू, असं मी तिला सांगणार आहे. कारण विचारलं तर सदतीस आणि साडेबेचाळीस सांगेन. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. दाढा काढल्या की पुढचे दात मागे ओढले जातात, हसणं बदलतं. ती हसते तेव्हाच मला तुमचा चेहरा नीट आठवतो. यात पोरीचं भलं किती आणि माझा हट्ट किती, हे मला मोजता येत नाही. हा कागद मी ताईला दाखवणार नाही.