पुलावरच्या स्टेशनचं कुलूप

अप्पा, तुमचं स्टेशन या आठवड्यात पाडलं. मशीनच्या लोखंडी जबड्यानं आधी छत फाडलं, मग प्लॅटफॉर्मचा कणा मोडला, आणि कमानींच्या विटा खालच्या बाजाररस्त्यावर पडलेल्या दातांसारख्या सांडल्या. ते वाचावं म्हणून कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मी अर्धा तास बोलले. घरांच्या छपरांवरून गाड्या नेणारं हे स्टेशन कुणी बांधलं, लढाईत बॉम्ब पडल्यावर कुणी सावरलं, गोऱ्यांना नको असलेल्या शिफ्ट करून भारतातून इंग्लंडात आलेल्या आमच्या माणसांनी ते कसं चालवलं, सगळं सांगितलं. मग तुमचा तो शनिवार सांगितला. त्यात एक गोष्ट खोटी सांगितली.

फुटबॉलची मॅच संपलेली आहे. मी अकरा वर्षांची, तुमच्या तिकीट ऑफिसात गृहपाठ करतेय. जिन्यावर बूट वाजतात. तुम्ही तिकीट मागता, तर एकजण तुमची टोपी रुळांवर भिरकावतो. "ए पाकी, तिकीट तुझ्या राणीकडे माग." त्यांच्या लेखी आपण सगळेच पाकी. तुम्ही मला आत ढकलता, किल्ली हातात देता. "आतून लाव. मी म्हणेन तेव्हाच उघड." मी कुलूप लावते. काचेतून मला दिसतं : पहिला ठोसा, मग बूट, मग तुमचाच कंदील तुमच्या डोळ्यावर. तुम्ही सरपटत दाराशी येता. "उघड गं बाळ. आता उघड." दोनदा म्हणता. ते तुमचे पाय धरून मागे ओढतात. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मीटिंगमध्ये मी गरजले की रेल्वेनं निगा राखली नाही, कुलूप गंजून अडकलं, म्हणून माझ्या वडिलांचा डोळा गेला. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. हॉस्पिटलच्या खाटेवरून तुम्हीही साहेबाला तेच सांगितलं होतंत : कुलूप अडकलं, तेल घालायचं राहिलं, चूक माझी. तुम्हाला लेखी ताकीद मिळाली. दर सोमवारी आईच्या शिलाई मशीनचं तेल त्याच कुलपात घालणारे तुम्ही. आई म्हणायची, "स्टेशन राणीचं आणि तेल माझं होय?" तिनंसुद्धा त्यानंतर त्या तेलाचं कधी नाव काढलं नाही. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत.

काल पाडकामावरच्या एका म्हाताऱ्यानं तिकीट ऑफिसचा तो दरवाजा कुंपणाला टेकवून ठेवला होता. किल्ली इतकी वर्षं माझ्याजवळच आहे. "बघ ना फिरवून, लव्ह," तो इथल्या गोऱ्यांच्या सवयीनं म्हणाला. जरा कुरकुरली, आणि फिरली. "कुणीतरी फार जपलंय हे," तो म्हणाला. मी, जिला सगळं शहर तोंडाळ म्हणतं, मान हलवून घरी आले.

तुम्ही तर आता नाही; हे पत्र कुठे टाकणार? ज्यांना द्यायला हवं ते टाळ्या वाजवून घरी गेले, आणि खरं सांगायला त्यांना मी अजून बोलावलेलं नाही. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, तरी लिहिते : तुम्ही "उघड" म्हणालात तेव्हा मी किल्ली कुलपात घातलीच नव्हती.