बसच्या आरशात दिसण्याचे दिवस

२ सप्टेंबर, सोमवार. पहाटे ५.१०
काल महापालिकेचा सायकल-कोर्स संपला. वर्गात सगळ्यांत मोठा मीच, वय चोपन्न. आजपासून बोगोताच्या रस्त्यावर एक आदर्श सायकलस्वार उतरतो आहे. नियम: पिवळं जॅकेट रोज. वळताना हात. बसच्या उजवीकडून कधीही घुसायचं नाही, कारण इथे चालक डावीकडे बसतो आणि फुटपाथकडचं त्याला दिसत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चालकाच्या डोळ्यांत बघायचं. मास्तर म्हणाले, आरशात त्याचे डोळे दिसले नाहीत तर त्याच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नाहीतच.
बोसापासून चापिनेरोतल्या नोटरी ऑफिसपर्यंत सोळा किलोमीटर. मी सुधारलो की मोटारवाले आपोआप सुधारतील. महिनाभर पुरे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अकरा चालकांच्या डोळ्यांत बघितलं. नऊ जण फोनमध्ये. एकाने माझ्या आईचा उद्धार केला. हाही एक प्रकारचा संपर्कच. अकरावी मात्र बाई. निळ्या बसची चालक. आरशात नजरानजर झाली, तिने हनुवटी किंचित वर केली आणि दीड मीटर अंतर सोडून बस पुढे नेली. नियमाप्रमाणे. टेप लावून मोजलं असतं तरी दीड मीटरच भरलं असतं.

३ सप्टेंबर, मंगळवार
पुन्हा तीच. सहा वाजून बावीस मिनिटांनी, त्याच सिग्नलला. पुन्हा हनुवटी.
घरमालकीण दोन्या ओफेलियाला गरम चॉकलेटच्या कपात चीज बुडवताना सहज सांगितलं. ती म्हणाली, बस चालवते म्हटल्यावर बघणारच की, डोळे मिटून चालवेल का. दोन्या ओफेलियाला वाहतूकशास्त्र कळत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
निघायची वेळ पक्की केली. साडेपाचला निघालं तरच सहा बावीसचा सिग्नल मिळतो. हा निव्वळ सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ओळखीच्या चालकाबरोबर रस्ता वाटून घेणं केव्हाही चांगलं.

९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.४५, ऑफिस
सविस्तर लिहितो.
सिग्नलला बसच्या पुढे, सायकलवाल्यांसाठी रंगवलेल्या चौकोनात उभा होतो. मागून आवाज आला, "शेजारी." वळून बघितलं तर ती खिडकीतून हात बाहेर काढून होती. हातात पानात बांधलेली पेरूची वडी. मी घेतली. छातीवर नावाची पट्टी: लुस दारी. दिवा हिरवा झाला.
बोगोतात भाजीवालाही सगळ्यांना शेजारी म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या म्हणण्यात फरक होता.
आणि सप्टेंबर आहे, प्रेम आणि मैत्रीचा महिना. या महिन्यात कोणी गुपचूप गोड देतं म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या ऑफिसात चिठ्ठ्या निघाल्यात, प्रत्येकाला एक गुप्त मित्र आहे. माझ्या गुप्त मित्राने आठवडाभरात टेबलावर साधी गोळीसुद्धा ठेवलेली नाही. आणि इथे भर रस्त्यात वडी. गुप्त मित्र कोण हे तिसऱ्या शनिवारी उघड होतं. म्हणजे २१ तारखेला. बारा दिवस.

११ सप्टेंबर, बुधवार
वडी खाल्ली नाही. बायकोच्या, नोहोराच्या फोटोजवळ ठेवली. चार वर्षं झाली तिला जाऊन. तिला समजावून सांगितलं की हा रहदारीचा विषय आहे. नोटरीच्या खिडकीत बावीस वर्षं बसतोय, लोक शिक्क्याकडे बघतात, माझ्याकडे नाही. आता रोज सकाळी कोणीतरी बघतं. एवढंच आहे, नोहोरा. त्याहून जास्त काही नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
पिवळं जॅकेट काढून टाकलं. त्यात मी गॅस सिलिंडरवाल्यासारखा दिसतो. त्याऐवजी करडा कोट. करडा रंगही दिसतो, बघणाऱ्याला बघायचं असेल तर.
आज दुसरी वडी मिळाली. शंकेला जागाच उरली नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार
सिग्नलनंतर मी सरळ जातो, ती उजवीकडे वळते. आजपासून मीही उजवीकडे वळणार. दोन किलोमीटर जास्त पडतात, पण व्यायाम होतो. ऑफिसात उशीर झाला. साहेबांना सांगितलं, सुरक्षित मार्ग शोधतोय.
हेल्मेटने केस बसतात. विचार चालू आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार. दुपारी
ऑफिसातून लवकर घरी आलो. गुडघा खरचटलाय. बाकी ठीक. ठीकपेक्षाही बरं.
बेत असा होता की मीही तिला काहीतरी द्यावं. आटवलेल्या दुधाचा छोटा डबा घेतला होता. पण आज उशीर झाला. सिग्नलला पोचलो तेव्हा दिवा हिरवा झालेला आणि बस वळायला लागलेली. उजवीकडच्या आरशात तरी दिसावं म्हणून मी बस आणि फुटपाथ यांच्यामधून पुढे गेलो. नियम माहीत आहे. पण तो अनोळखी बससाठी आहे.
तिने कचकन ब्रेक मारला. मी पडलो, सायकल चाकापासून वीतभर अंतरावर. बसमध्ये एक म्हातारी टोपलीवर आपटली. लोक मला शिव्या देत होते. लुस दारी खाली उतरली. दाराचा दांडा धरून होती. तीन वेळा एवढंच म्हणाली, "उजवीकडून का आलात?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं.
माझ्यासाठी चार वर्षांत कोणी रडलेलं नाही. तिच्या मनात काय आहे, याचा आणखी काय पुरावा हवा?

१९ सप्टेंबर, गुरुवार
सहा बावीस. दुसराच चालक. तिला धक्का बसलाय, साहजिक आहे. प्रेमात माणसाला धक्का जास्त बसतो.
संध्याकाळी कोर्सच्या मास्तरांचा मेसेज आला. शनिवारी बस डेपोत कार्यक्रम. चालकांना एका जागी पक्क्या केलेल्या सायकलींवर बसवून शेजारून बस जोरात नेतात, म्हणजे आपल्याला काय वाटतं ते त्यांना कळतं. सायकलवालेही हवेत. शनिवारी. २१ तारखेला. हा योगायोग नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार. सकाळी
शर्टाला इस्त्री. दोन्या ओफेलियाने कॉलर नीट केली आणि म्हणाली, शेजारी, एवढं सजून जाऊ नका, मला भीती वाटते. कशाची ते सांगेना.

२१ सप्टेंबर. संध्याकाळ
लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
सहा चालक सायकलींवर बसले. बस त्यांच्या कोपराजवळून गेली. एक धिप्पाड माणूस खाली उतरून रडायलाच लागला. मग लुस दारीला बोलायला उभं केलं. साध्या स्वेटरमध्ये होती. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, लाजतेय.
ती म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी, याच महिन्यात. एक सायकलवाला माझ्या उजवीकडे होता आणि मी आरशात बघितलंच नव्हतं. तो चाकाखाली आला. त्याच्या पिशवीत पेरूच्या वड्या होत्या, ऑफिसातल्या कोणासाठी तरी. रस्ताभर पसरल्या. मी त्या वेचत बसले होते, म्हणे. मला आठवत नाही. तेव्हापासून सप्टेंबरात जो माझ्यापुढे, मला दिसेल असा उभा राहतो, त्या प्रत्येकाला मी एक देते."
प्रत्येकाला.
आमच्या बाकावर माना हलल्या. शेजारचा टकला माणूस कुजबुजला की त्याला तीन मिळाल्या. मला दोनच.
नंतर ती माझ्यासमोर आली. मी कॉलर सारखी केली. म्हणाली, "बुधवारचे तुम्हीच ना? नाव सांगा." बारा दिवस मी हा प्रश्न ऐकायची वाट बघत होतो. तिच्या हातात बुधवारच्या अपघाताचा छापील फॉर्म होता.
नाव सांगितलं, एलिएसेर बार्रागान. तिने स्पेलिंग विचारलं. गुडघ्याची चौकशी केली. मी विचारलं, सोमवारी सहा बावीसला याल ना. ती म्हणाली, "नाही येणार. मी गाडी सोडलीय, तिकिटाच्या खिडकीत बसवा म्हटलंय. तीन वर्षं रोज स्वतःला सांगत होते की नीट बघितलं की कोणाला काही होत नाही. तुमच्याकडे तर मी रोज बघत होते, शेजारी."
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. फॉर्मवर 'चूक कोणाची' असा रकाना होता. मी 'सायकलस्वाराची' लिहून सही केली. तिने वाचलं, मान हलवली आणि गेली. फॉर्मने तिचा आरसा परत येणार नाही. फार वाईट वाटतंय. मी एका बाईचं उरलंसुरलं धैर्य मोडलं आणि पंधरा दिवस त्याला प्रेम म्हणत होतो.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी
पिवळं जॅकेट. हेल्मेट. सहा बावीस.
नवा चालक तरुण आहे, हॉर्नवर हात ठेवूनच येतो. चौकोनात आम्ही चौघं उभे होतो. चौघांनीही मागे वळून खिडकीकडे बघितलं. पाठीवर दप्तरासारखी पिशवी असलेल्या एका नर्सने मला विचारलं, ती वडीवाली बाई कुठे गेली, तुम्हाला काही माहीत आहे का.
मी म्हणालो, नाही.