सामान फक्त रविवारी

२ मार्च, रविवार

डोकं फिरलंय! ताईनं नवा कायदा काढला. यापुढे सामान आठवड्यातून एकदाच आणायचं, रविवारी. आणणार कोण? मी! तेही कोपऱ्यावरच्या दुकानातून नाही, पार तिकडच्या मोठ्या बाजारातून. "रोज दुकानात गेलं की नको ते घेतलं जातं. पैसे वाचतील, बाळ्या." त्रेपन्न वर्षांच्या घोड्याला बाळ्या!

नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वतःच कोपऱ्यावर जायची. मूठभर मिरच्यांना तासभर लावायची. तेव्हा नाही सुचली काटकसर? हात तुटले माझे पिशव्या वाहून.

५ मार्च

दूध नासलं. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री घेऊन उभं राहायचं आणि घरी येऊन काय, तर कोरा चहा. वर म्हणे, "रविवारपर्यंत चालवून घे."

७ मार्च

कोबी. कालही कोबी. परवाही. "टिकतो," म्हणे. टिकतो म्हणून काय त्याच्याशी संसार करायचा?

आज बोललोच. "कुणाला दाखवायची ही काटकसर? मी कमावतोय ना?" तर स्वतःचं ताट उचलून गेली आत. "खायचं तर खा, नाहीतर झाकून ठेव." भांड्यांची आदळआपट. बोलणं बंद.

९ मार्च, रविवार

मोठ्या बाजारापर्यंत तंगडतोड कोण करणार? गुपचूप कोपऱ्यावरच गेलो. दुकानदार विधुर, पोट सुटलेला, गल्लीत त्याच्या बडबडीला सगळे वैतागलेले — आणि आज तोंडातून शब्द फुटेना! पीठ दिलं, साखर दिली. मग हळूच, "तुमच्या बहिणीची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. का?"

"नाही, सहज."

आणि पिशवीत दोन डाळिंबं टाकली. पैसे घेईना. घरी ताईनं डाळिंबं पाहिली आणि चेहरा पांढराफटक.

"कोपऱ्यावर गेलास? परत देऊन ये."

"अगं, पण फुकट —"

"परत देऊन ये म्हटलं ना!"

नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

१० मार्च

आता कळलं! तो मेला तिला काहीतरी वेडंवाकडं बोलला असणार. म्हणून हिचं जाणं बंद, आणि सांगायला काय, तर पैसे वाचतात! माझ्या बहिणीच्या वाटेला जातो? उद्या कामावरून सुटलो की बघतोच त्याच्याकडे.

११ मार्च

गेलो. डाळिंबं गल्ल्यावर आदळली. "माझ्या बहिणीला काय बोललास?" एक गिऱ्हाईक होतं, ते सुटे पैसे न घेताच पळालं.

तो मान खाली घालून म्हणाला, "लग्नाचं विचारलं."

"कुणाच्या लग्नाचं?"

"आमच्या."

मी खुळ्यासारखा उभा. तो आपला काटा पुसतोय. "चुकलं असेल तर सोडून द्या. त्या नाही म्हणाल्या. पण आवडत नाही असं नाही म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या — बाळ्याकडे कोण बघणार?"

बाळ्याकडे कोण बघणार! त्या डाळतांदूळवाल्यासमोर! कान तापले माझे. आलो तो तडक स्वयंपाकघरात.

"मी काय पाळण्यात आहे?"

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! मला न विचारता माझ्यावरून आयुष्य ओवाळून टाकलंस? आणि वर मलाच कोबी घातलास?"

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "तुला धड चहा येत नाही करता."

"तो आवडतो का तुला?"

तिनं नळ सोडला आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासत बसली.

कुणी मागितला होता हा त्याग? मी? कधी? उपकार करायचे आणि कळूही द्यायचे नाहीत, म्हणजे माणसाला नाही म्हणायचीही सोय नाही! आणि मीही कसला बैल. किराणा आणायला कुणी केस विंचरून, आरशात दोनदा बघून जातं?

१३ मार्च

अबोला. ती माझ्यासमोर ताट ठेवते, मी भिंतीकडे बघून जेवतो. एकदा वाटलं, बोलावं. मग वाटलं, बोललो तर ती लग्नाला हो म्हणेल. मग हे घर, ह्या दोन खोल्या, आणि मी. ह्याचाच जास्त राग आला.

१४ मार्च

कामावरून आलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हटलं, "ताई, दुकानात जाऊन ये."

"आज शुक्रवार आहे."

"माहितीये."

तिनं केस विंचरले, आरशात दोनदा बघितलं. मग गेली.

भात मीच लावला. खाली लागला. वरवरचा खाल्ला.