दोन टाक्यांचं एक पाणी

२ फेब्रुवारी, रविवार

नवीन वही. रोज लिहायचं.

ठराव: हॉलमधली आणि बेडरूममधली, दोन्ही समुद्री टाक्या एकाच सम्पला जोडायच्या. सम्प म्हणजे खाली ठेवायची तिसरी टाकी. वरचं घाण पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. हे मी कुणाला समजावतोय? वही माझीच आहे. सुगंधाला समजावायची सवय, दुसरं काय.

ती बोरिवलीला सुयोगकडे आहे. सूनबाईंच्या बाळंतपणाला गेली होती. बाळ आता बसायला लागलं तरी हिचा पत्ता नाही. कारण एकच, पंपांची घरघर. जाताना म्हणाली होती, अहो, या घरात माझ्यापेक्षा माशांचीच सोय जास्त, मला झोप लागत नाही. बेडरूमची टाकी मी तिच्याच वाढदिवसाला आणली होती! असो. दोन पंपांचा एक केला आणि तो बेडरूमबाहेर काढला की विषय संपला.

आणि ती येणारच आहे. मसाल्याचा डबा इथेच आहे. मालवणी बाई आपला मसाला मागे ठेवून कायमची जात नसते.

५ फेब्रुवारी

सीताराम प्लंबर आला. दोन्ही टाक्या बघितल्या, डोकं खाजवलं. म्हणाला, काका, नळ-बिळ असेल तर बोलवा, ही माशांची भानगड आपल्याला नको. चहा न घेताच गेला. बरंच झालं. परक्या माणसाला घरात किती समजावत बसणार? त्याचा चहाही मीच प्यालो.

९ फेब्रुवारी

सम्पची जागा ठरली: किचनमध्ये, ओट्याखाली. तिथे सुगंधाचे डबे होते. तात्पुरते बाल्कनीत हलवले. मसाल्याच्या डब्यावर प्लास्टिक घातलंय, म्हणजे मला काळजी नाही असं कुणी म्हणायला नको. सगळं तिच्यासाठीच तर चाललंय.

१४ फेब्रुवारी

भिंतीला भोक पाडलं. जरा तिरकं गेलं. लग्नाचा फोटो थोडा खाली सरकवून झाकलं.

खालच्या मजल्यावरची जया तांबे धावत वर आली. काका, भूकंप झाला की काय? म्हटलं, काम काढलंय, काकी येतेय ना. ती म्हणाली, हो का? काल फोनवर काही बोलल्या नाहीत.

जयाला काल फोन केला म्हणजे. मला गेल्या आठवड्यात केला होता. बाळाच्या गडबडीत होतं असं.

१९ फेब्रुवारी

पाइप जोडले. गळले. एम-सील लावलं. दुसरीकडून गळले. अंगावरचा शर्ट पिळून वाळत घातला. आता शर्टावर मिठाची नक्षी आली आहे. सुयोग फोनवर म्हणाला, बाबा, जुहूला एवढा समुद्र फुकट पडलाय, तू तो घरात कशाला आणतोस? मुलांना छंद कळत नाहीत. पाइपात उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावायला पुस्तिकेत सांगितलंय. लावला नाही. त्याने जोर कमी होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

चालू झालं! झकास! एक पंप, दोन टाक्या. सम्प काठोकाठ भरला. जितकं पाणी जास्त, तितके मासे खूश.

लगेच सुगंधाला फोन लावला आणि शांतता ऐकावी म्हणून मोबाइल पंपाजवळ धरला. ती म्हणाली, अहो, येतोय की आवाज. म्हटलं, तो फ्रिजचा. मग विचारलं तिने, लाईट गेली तर वरचं पाणी जाईल कुठे? म्हटलं, मुलुंडला लाईट जात नाही. ती म्हणाली, बरं. मग बाळ रडलं.

एकदा पंप बंद करून बघावा असं मनात आलं होतं. पण चालत्या गोष्टीला हात लावू नये.

१ मार्च

हॉलमधल्या माशांना बेडरूममधले मासे कधी दिसत नाहीत, तरी पाणी एकच. हे त्यांना सांगितलं. बोलण्यावर मासे कसे वागतात याचं निरीक्षण म्हणून, बाकी काही नाही. क्लाऊनफिशची जोडी काचेजवळ आली. जेवायला पाव-ऑम्लेट. कालचंच.

घर फार मोठं वाटतं. आपला वन बीएचकेच आहे.

८ मार्च, शनिवार

उद्या बाळाचं उष्टावण. येताना सुगंधाला घेऊनच यायचं. गादीवर धुतलेली चादर घातली. तिची उशी उन्हात ठेवली.

९ मार्च, रविवार. बोरिवली.

निघताना सगळं नीट बंद केलं. गॅस, नळ, मेन स्विच. परळच्या चाळीतून गावी निघताना बाबा शेवटी मेन स्विच पाडायचे, मगच कुलूप. मीही कधी चुकलो नाही.

बाळाला त्याच्या मामाने खीर भरवली. त्याने ती माझ्या शर्टावर परत केली. मी सुगंधाला हळूच सांगितलं, घरी सरप्राइज आहे. ती म्हणाली, बघू. तिचं बघू म्हणजे जवळजवळ हो. रात्रीचं थांबा म्हणाली. थांबतो.

१० मार्च, सकाळी

काय गाढ झोपलो! बोरिवलीची हवा चांगली आहे.

नंतर: जयाचा फोन आला. मला नाही, सुगंधाला. छतातून तिच्या गॅसवर खारं पाणी गळतंय.

१० मार्च, संध्याकाळी. घरी.

मेन बंद, म्हणून पंप बंद. दोन्ही टाक्यांचं पाणी भरलेल्या सम्पमध्ये, तिथून किचनमध्ये आणि तिथून जयाकडे. सुगंधाने आल्याआल्या वर बघितलं आणि मेन स्विच वर केला. साडी खोचून फडका घेतला. मी बादली धरून उभा होतो. हॉलमधला मोठा निळा मासा गेला. टाकीतल्या प्रवाळाचा वास सुटलाय.

म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, मामंजींची सवय, तुम्ही कशी मोडणार? आणि हसली. मला वाटलं, वाचलो.

मग ती फडका वाळत घालायला बाल्कनीत गेली. तिथे तिचे डबे होते. मसाल्याच्या डब्यावरचं प्लास्टिक काढून ती तो पुसत बसली.

१२ मार्च

उरलेले मासे दुकानदार घेऊन गेला. सुगंधाने जयाचं किचन धुऊन दिलं, माझ्यासाठी कालवण केलं, फ्रिजमध्ये ठेवलं, कधी काय गरम करायचं ते सांगितलं. सुयोग गाडी घेऊन आला. ती म्हणाली, येत जाईन मधूनमधून. तुम्हीही या.

मसाल्याचा डबा मांडीवर घेऊन बसली गाडीत. म्हणाली, इथे दमट होतो.

पंप बंद आहे. घरात कसलाच आवाज नाही. आता तिला छान झोप लागली असती.