भिंगासाठी स्थळ

ता. ६ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी, मग काम. पुस्तक नक्की झालं! बारा वर्षं मी लोकांच्या काम करणाऱ्या हातांचे फोटो काढत फिरले, ते आता एकत्र छापले जाणार. सुताराचे, न्हाव्याचे, नर्सचे, आणि तुमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात घडीच्या टेबलावर बसणाऱ्या बायकांचेही. त्यातले दोन हात कुणाचे ते तू ओळखशीलच. शिवण आणि बांधणी तुमच्याच कारखान्यात होणार आहे. म्हणजे माझं पुस्तक तुझ्या हाताखालून जाणार. चुका दिसल्या तर चारचौघींत बोलू नकोस.

आता काम. शेवटच्या पानावर माझा फोटो हवा आहे. प्रकाशकांचा माणूस तयारच होता. मी म्हटलं, माझा फोटो माझी आई काढेल, आणि बाबांच्या भिंगातून काढेल. त्यांनी विचारलं, आई फोटो काढतात का? मी सांगितलं, बाबा बाहेरगावी असले की स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो कोण काढायचं, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. त्यांनी एक मार्चपर्यंत मुदत दिली आहे. तोवर चांगला फोटो आला नाही, तर त्यांचा माणूस काढणार.

बाबा गेल्यापासून भिंग तुझ्या डब्यात आहे, पण बाबांच्या कॅमेऱ्याची बॉडी कायमची गेली. पडद्याच्या कापडाची चाळण झाली आहे. भिंग फिरवून बसवायचे आटे तसेच असलेली जुनी रेंजफाइंडर बॉडी शोधावी लागेल. ती नावाजलेल्या कंपनीची मी हप्त्यावर घेऊन देते, तू फक्त हो म्हण.

पत्राची वाट पाहते. माझ्यावर आहे ती माया अशीच राहू दे.

तुझी,
चिंगी


ता. १४ जानेवारी

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. मुकादम म्हणाले, आता तुमचे पाय जमिनीवर राहणार नाहीत. मी म्हटलं, मी दिवसभर स्टुलावर बसून असते, माझे पाय तसेही जमिनीला टेकत नाहीत.

हप्त्यावर काही घ्यायचं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत. घड्याळवाल्या काकांकडे मी स्वतः गेले. ते आता घड्याळांपेक्षा जुने कॅमेरेच जास्त उघडतात. भिंगासाठी त्यांनी तीन स्थळं दाखवली. पहिलं तुझं नावाजलेलं. दिसायला देखणं, घराणं मोठं, अपेक्षा त्याहून मोठ्या. दुसरं त्यामानाने तरुण. त्यात उजेड मोजायचा काटा होता, पण तो काटा आजारी. बघायची खिडकी एवढी मोठी की मी चष्म्यासकट आत मावले असते. ते मला आवडलं होतं, पण त्याची किंमत ऐकून मी भिंग परत पिशवीत ठेवलं.

तिसरं काउंटरच्या खाली होतं. बोजड, रंग उडालेला, मागे कुणीतरी खिळ्याने आकडा कोरलेला. त्याची फिल्म बुडातून भरावी लागते. त्यासाठी फिल्मची पुढची जीभ कात्रीने लांब आणि निमुळती कापावी लागते, नाहीतर ती आत अडकते. याच कटकटीला कंटाळून लोक परत आणून देतात, असं काका म्हणाले. मी म्हटलं, तीस वर्षं मी कागदच कापते आहे. त्यांनी एक वाया गेलेली फिल्म दिली. मी तिथेच कापून दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि किंमत आपणहून कमी केली.

दुसरी गोष्ट. त्याच्या खिडकीपाशी एक छोटी दांडी आहे. ती सरकवली की माझ्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. आत दोन प्रतिमा दिसतात आणि चकती फिरवली की एकीवर दुसरी येऊन बसते. ती बसली तेव्हा मला ह्यांची आठवण आली. ते त्या क्षणी श्वास रोखायचे. मीही रोखला होता.

तर स्थळ पक्कं केलं आहे. भिंग आट्यात फिरवलं तर लोण्यासारखं बसलं. परीक्षा म्हणून एक रोल काढून सोबत पाठवते. धुऊन कळव.

जेवणाच्या वेळा पाळ. तुला रागावायचा माझा हक्क अजून शाबूत आहे, हे लक्षात असावं.

तुझी,
आई


ता. २७ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रोल धुतला. कसं लिहू कळत नाही, पण तुझ्याशी लपवाछपवी जमत नाही. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत ज्याच्यावर रोख धरला आहेस तो धूसर आहे. शेजारच्या आजींचा चेहरा धूसर, मांजर धूसर. मुकादमांचे डोळे अगदी उकडल्यासारखे आलेत, त्यांनी पुढे धरलेल्या कपाची कड तेवढी स्वच्छ आहे. उजेडाचा अंदाज मात्र एकदाही चुकला नाही, हेही सांगते.

इथल्या एका जाणकाराला दाखवले. तो म्हणाला, भिंगाला बुरशी आली असेल किंवा आतलं काचांचं जोडकाम सुटलं असेल. सात वर्षं डब्यात होतं ना. आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी प्रकाशकांना त्यांच्या माणसाचं कळवते. भिंग मात्र टाकू नकोस, मी माझ्या टेबलावर ठेवीन.

तुझी चूक नाही गं. रागावली नाहीस ना, एवढं कळव.

तुझी,
चिंगी


ता. ९ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रकाशकांना अजून काही कळवलं नसशील तर थांब. कळवलं असशील तर परत कळव.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे खोटं कशाला सांगू. भिंग हातात घेऊन बसले होते. घरात ह्यांची चालू असलेली अशी ती एकच वस्तू होती. मग पत्र पुन्हा वाचलं. मी कुठलीही गोष्ट दोनदा वाचते, कारण शाळा अर्धी सुटलेल्या माणसाला एकदा वाचून भागत नाही. दुसऱ्यांदा वाचताना तो कप खटकला. भिंग आंधळं झालं असेल, तर त्याला कपाची कड कशी दिसली?

मागे वाचनालयाची खिळखिळी पुस्तकं शिवायला आली होती. त्यात कॅमेऱ्यांवरचं एक होतं. शिवायला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय मी परत देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच पुन्हा वाचायला आणलं. त्यात एक परीक्षा दिली आहे. मी टेबलावर दोऱ्याची सात रिळं ओळीने मांडली, एकामागे एक, चार-चार बोटांवर, प्रत्येकावर आकडा चिकटवून. कॅमेरा दीड मीटरवर ठेवला आणि रोख धरला चौथ्या रिळावर. रोल काकांकडेच धुऊन घेतला. चौथं रीळ धूसर. तिसरं असं स्वच्छ, की दोऱ्याचा पीळ मोजता यावा!

म्हणजे भिंग बघतं चांगलं, फक्त चार बोटं अलीकडे बघतं. काका म्हणाले, मग आत कुठेतरी केसाएवढा फरक आहे, उघडू या. मी शेजारी उभी राहिले. मागची कडी त्यांनी सोडवली, आतला काचांचा भाग बाहेर काढला, आणि त्याच्या खांद्याखाली कागदाची एक गोल कडी निघाली. हाताने कापलेली. काका म्हणाले, हा कंपनीचा माल नव्हे, कुणाची तरी कारागिरी आहे.

मी ती दोन बोटांत धरली. चिंगे, मला बघावंही लागलं नाही. तो आमच्या कारखान्यातला अस्तराचा कागद होता, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून लावतात तो. त्या वजनाचा कागद आता मिळत नाही.

मग सगळं आठवलं. तू तिसरी-चौथीत असशील. ह्यांच्या हातून कॅमेरा पडला होता. दुरुस्त होऊन आला, पण भिंग बसवायची बॉडीची पुढची कडी किंचित आत बसली होती. त्या आठवड्यात ह्यांनी मला विचारलं होतं, तुझ्याकडे एकसारख्या जाडीचा चांगला कागद आहे का. मी म्हटलं, कारखान्यात सगळे कागदच आहेत. एक कापलेला तुकडा आणून दिला. कशाला हवा, ते विचारलंही नाही. ती कडी जेवढी आत बसली तेवढं भिंग त्यांनी कागद घालून पुढे आणलं होतं. आता नव्या घरी ती खोड नाही, म्हणून कागदच आड आला.

म्हणजे स्टुडिओतला पुढचा प्रत्येक फोटो, तुझ्या शाळेचे, गल्लीतल्या लग्नांचे, सगळे माझ्या कागदावर उभे होते, आणि मला पत्ता नाही. मी काकांच्या दुकानात उभी राहून हसले. ते घाबरले.

कागद काढला. सात रिळांची परीक्षा पुन्हा घेतली. चौथं रीळ स्वच्छ आहे. रविवारी ये, रिकाम्या कारखान्यात घडीच्या टेबलापाशी फोटो काढू. केस बांधून ये, तुझे कान चांगले आहेत.

बाकी समोर बोलू. तोवर नीट राहा, एवढंच मागणं.

तुझी,
आई


ता. २० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो धुतला. आधी तेवढं सांगते: डाव्या भुवईतले दोन पांढरे केस मोजता येतात. ते तू मोजलेस, हे मला घडीच्या टेबलापाशी उभी असतानाच कळलं होतं. प्रकाशकांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि विचारलं, आणखी कुठे काम करतात त्या? मी म्हटलं, तुमच्याच पुस्तकाचे छापील फर्मे घडी करणार आहेत. त्यांनी त्यांच्या माणसाला माझ्यासमोर फोन करून नको म्हणून सांगितलं. फोटोखाली तुझं नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरांत जाणार आहे. मी अडून बसले नाही, त्यांनीच ठरवलं.

आता जे रविवारी बोलायला आले होते आणि बोलले नाही, ते लिहिते. आई, कॅमेरा बाबांच्या हातून पडला नव्हता. मी पाडला. स्टुडिओत कुणी नव्हतं, मी तो गळ्यात घालून आरशात बघत होते, पट्टा सुटला. बाबा आत आले. मी रडायच्या आत त्यांनी तो उचलला आणि म्हणाले, तुला लागलं का? संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा म्हणाले, माझ्या हातून निसटला. मी तिथेच गृहपाठ करत होते. मी वर पाहिलं नाही. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला तोच कॅमेरा धरायला शिकवायला बसले.

तुझं पत्र वाचल्यापासून ती कडी डोळ्यांपुढून जात नाही. काकांनी ती टाकली का? असेल तर मला हवी आहे.

मला माफ कर, आणि आधी होतीस तशीच राहा.

तुझी,
चिंगी


ता. ३० मार्च

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उशीर झाला, कारण तुझंच काम होतं. फर्मे छापून आले. शेवटचा फर्मा कुणी घ्यायचा यावरून टेबलावर भांडण झालं. मुकादमांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि बाकीच्यांना म्हणाले, फोटोवाल्या बाईंना वाट द्या. घडी दाबायची हाडाची पट्टी फिरवताना तुझ्या चेहऱ्यावरून घडी जात नाही ना, हे मी प्रत्येक प्रतीला पाहिलं. जात नाही. पानं मांडणारा शहाणा आहे. फोटोखाली माझं नाव आहे. माझं नाव छापलेलं मी याआधी फक्त पगाराच्या पाकिटावर पाहिलं होतं.

तुझी गोष्ट वाचली. दोनदा वाचली. माफ करायचं काय त्यात, तू नऊ वर्षांची होतीस. पण मी मात्र त्यांना, हातातलं निसटतं म्हणून, त्यानंतर जन्मभर लोणीहात्या म्हणत आले. पाहुण्यांसमोर, तुझ्यासमोर. कपबशी द्यायची झाली तरी म्हणायची, जपून हं, लोणीहाते. आणि ते हसायचे. मला वाटायचं, माझ्या विनोदाला हसतात. एवढी वर्षं तो माणूस तुझ्यासाठी माझं ऐकून घेत होता. आता बोलायला समोर नाहीत, नाहीतर एकदा तरी ते हात हातात घेतले असते. असो. असा नवरा मला होता, हे मी आता ताठ मानेने सांगेन.

कडी टाकलेली नाही. मी काय वेडी आहे? पण टेबलावर ठेवलीस तर पंख्याने उडेल. बांधणीतली पहिली प्रत मालकांनी मला स्वतःच्या हाताने करू दिली. तुझ्या पुस्तकाला अस्तराचा कागद लावला, तो लावण्याआधी ती कडी पुठ्ठ्यावर ठेवली, मागच्या बाजूला, तुझ्या फोटोसमोर. वर खळ, वर अस्तर, आणि रात्रभर दाबाखाली. ती प्रत सोबत पाठवते आहे. दिसणार काहीच नाही, एवढं सफाईने काम केलं आहे. डोळे मिटून बोट फिरव, लागेल.

प्रत कोरडी ठेव. आणि पत्र लिहीत जा, फोनवर तू माझं ऐकत नाहीस.

तुझी,
आई