जुन्या पुस्तकातली एक खूण

प्रति,
मा. उपसंचालक,
कर्णबधिर शिक्षण विभाग,
दुसरा मजला.

विषय : रद्द झालेले खुणांचे पुस्तक दप्तरखान्यातून काढून त्यातील एका खुणेचा अर्थ सांगण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) आपले उत्तर, 'मागील शासनाच्या धोरणांशी या कार्यालयाचा संबंध नाही.'

महोदय,

अर्जदार बाई समोरच्या धुलाईच्या दुकानात इस्त्री करतात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या सांगतात तसे मी लिहून देत आहे. माझे टेबल आपल्याच जिन्याखाली आहे. चार सरकारे या टेबलासमोरून वर गेली. दर वेळी पाटी नवी लागली, जिना तोच राहिला.

१. बाईंना एकच मुलगी. जन्मापासून ऐकू येत नाही. ती चार वर्षांची असताना पहिल्या सरकारने ठरवले, की अशा मुलांना खुणांची भाषा शिकवायची आणि त्यांच्या आयांनाही. जाडजूड सचित्र पुस्तक निघाले. बाई दुकानातून थेट वर्गाला जात. शेजारणीचा मुलगाही त्याच वर्गात होता. ती म्हणायची, "तुमच्या घरात आवाज नाही, पण गलका केवढा!" सरकारने भित्तिपत्रकावर मुलीचा फोटो छापला, दोन्ही हात वर केलेला.

२. दोन वर्षांत सरकार बदलले. नव्या तज्ज्ञांनी शोध लावला, की हातांची सवय लागली की मूल तोंड उघडत नाही. खुणा बंद झाल्या. पुस्तके परत मागवली. मुलांनी हात पाठीमागे धरून बसायचे, आणि घरीही खुणा करणार नाही असे हमीपत्र आईबापांनी द्यायचे. चाळीस घरांची हमीपत्रे मीच लिहिली, याच टेबलावर. शेजारीण भडकली. "माझ्या पोराशी बोलू नको म्हणणारा हा कोण लागून गेला?" म्हणाली, मुलाला घेऊन भावाकडे निघून गेली, पत्ताही ठेवला नाही. आज तो मुलगा आईशी कडाकडा भांडतो म्हणे, दोन्ही हातांनी. बाईंना त्या भांडणाचा हेवा वाटतो.

बाईंनी मात्र अंगठा दिला. एवढी मोठी माणसे सांगतात म्हणजे पोरीच्या भल्याचेच असणार, असे त्यांना वाटले. सात वर्षे त्या मुलीसमोर हात मांड्यांखाली दाबून बसल्या. तिने खूण केली की तोंड फिरवत. मुलगी आधी रडली, मग चिडली, मग तिने हात हलवणेच सोडले. घरी कोणी तपासायला येत नव्हते, महोदय. तरीही बाईंनी हे इमानेइतबारे केले. सात वर्षांत मुलगी 'आई' आणि 'पाणी' हे दोन शब्द शिकली, तेही घरच्यांनाच कळतील असे. उच्चारांच्या नादात लिहिणे-वाचणे राहून गेले. फोटो पुन्हा छापला, या वेळी तोंड उघडे.

३. तिसरे सरकार म्हणाले, आधीचे दोन्ही चूक, कानाला यंत्र लावा. योजना पाच वर्षांखालील मुलांसाठी होती आणि मुलगी चौदाची. उद्घाटनाला मात्र तिलाच बोलावले. यंत्र लावले, फोटो काढला, यंत्र काढून घेतले.

४. आपले सरकार, म्हणजे चौथे, पुन्हा खुणांवर आले. पण पहिल्या पुस्तकावर पहिल्या मंत्र्यांचे नाव होते, म्हणून पुस्तक नवे आणि खुणाही नव्या. आयांचा वर्गही सुरू झाला, पण सहा वर्षांखालील मुलांच्या आयांसाठी. बाईंनी त्या वर्गासाठी अर्ज केला होता. मुलगी एकोणीस वर्षांची, या कारणाने तो नामंजूर झाला. त्याबद्दल मला पुष्कळ लिहिता येईल, पण बाई म्हणतात, "ते राहू द्या, पुढचं लिहा."

५. चार महिन्यांपूर्वी मुलीला दुसऱ्या गावी कपड्यांच्या कारखान्यात काम लागले. राहणे तिथल्याच वसतिगृहात. बाई बसपर्यंत सोडायला गेल्या. बस सुटताना मुलीने खिडकीतून हातांनी काहीतरी सांगितले. कित्येक वर्षांनी तिने आईला खूण केली होती, आणि ती त्या पहिल्या वर्गातली होती. बाईंना हात ओळखीचे वाटले, अर्थ आठवेना. मुलीने पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. बस हलली. पोरीचा हिरमोड होऊ नये म्हणून बाईंनी मान डोलावली. हो म्हणाल्या.

सुट्टी लागली, इतर मुली घरी गेल्या, ही आली नाही. बाई भेटायला गेल्या. मुलगी फाटकापर्यंत आली, आईकडे पाहिले आणि परत आत गेली.

६. ती खूण बाईंनी आपल्या विभागाच्या नव्या वर्गातल्या शिक्षिकेला करून दाखवली. "आमच्या पुस्तकात ही नाही," असे उत्तर मिळाले. जुन्या वर्गातल्या दोन आया भेटल्या, त्यांनीही हमीपत्र पाळले होते. आपला शिपाई म्हणतो, जुन्या पुस्तकाची एक प्रत दप्तरखान्यात रद्द भित्तिपत्रकांखाली पडून आहे. सरकार बदलले की दप्तरखाना साफ होतो, हे मी दर वेळी पाहिले आहे, आणि उद्या मतमोजणी आहे.

बाईंना आता वर्ग नको, नुकसानभरपाई नको, कोणावर कारवाईही नको. "मी कशाला हो म्हटलं, तेवढं साहेबांना विचारा," एवढेच त्या म्हणतात. मला न्यायला ये, असे मुलगी म्हणाली होती, की येऊ नकोस? बाईंकडून शब्द मोडला गेला, की पाळायला उशीर होतो आहे? सरकारला दिलेला शब्द त्यांनी सात वर्षे पाळला. मुलीला दिलेलाही त्या पाळतील. तो काय होता, तेवढे कळावे.

तरी आज कार्यालय बंद होण्यापूर्वी ते पुस्तक उघडावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
जिन्याखालचा अर्जलेखक
(हमीपत्रेही याच हस्ताक्षरात आहेत.)

अर्जदाराच्या डाव्या हाताचा अंगठा

दिनांक : मतमोजणीच्या आदल्या दिवशी

सोबत :
१) तीन सरकारांची तीन भित्तिपत्रके, मुलगी एकच.
२) हमीपत्राची प्रत.
३) खूण. मी दोनदा काढून पाहिली, कागदावर उतरत नाही. बाई दाराबाहेर उभ्या आहेत, विसरू नये म्हणून हात तसेच धरून.