कवितेचं तिसरं कडवं

लाडक्या राडकास, दादाचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे, गुडघ्याचं तेवढं विचारू नकोस. ओग्न्यानचं इथलं परदेशातलं घर प्रशस्त आहे. माझा हा पोरगा मात्र गाडीतच जेवतो, वर्षाला दहा दिवस सुट्टी. सून म्हणते, "बाबा, आता इथेच राहा."

इथे घरोघरी झेंडा. शेजारचा वेन्डेल तर रोज संध्याकाळी लेकराला निजवावं तशी त्याची घडी घालतो. काल ओग्न्यानला दुभाष्या करून त्याने विचारलं, "आजोबा, तुमच्या बल्गेरियात झेंडे दिसत नाहीत म्हणे. देशाचा अभिमान नाही की काय?"

म्हटलं, "आहे की. पण आमचा अभिमान दुपारी दोन तास जेवायला बसतो."

तो हसला नाही. "हेवा वाटतो," म्हणाला.

मग मी उभा राहून आपली शाळेतली डोंगराची कविता म्हटली. त्याला एक अक्षरही कळलं नाही, तरी त्याने टोपी काढली. तिसऱ्या कडव्याला मात्र मी अडलो.

ते कडवं पत्रातून पाठवू नकोस. शरदात आपल्याकडे लाल मिरच्या भाजायला घेतात, त्याच्या आत मी परत येतोय, ओग्न्यानला तसं सांगितलंय. अंगणात जेवायला बसलो की तूच म्हणून दाखव.

तुझाच,
नेद्याल्कोदादा